टोकाच्या कमानीला चावी नसते

१

पत्र्याची नळी कपाटात जागच्या जागी होती, झाकण घट्ट होतं, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. तेजश्रीनं ती दोनदा उलटी करून झटकली, एक डोळा मिटून आत बघितलं आणि मग बंगल्याच्या दगडी पायरीवर येऊन मटकन बसली. गुरुवारचे सकाळचे साडेनऊ झाले होते. शनिवारी अकरा वाजता पुण्याहून वारसा समिती येणार होती.

तिनं पहिला फोन लावला तो माया रणपिसेला.

माया तेव्हा निमोण्यात आपल्या ओट्यावर बसून पेढा खात होती. भावाचा मुलगा रोहन कुरकुंभच्या कंपनीत चार वर्षं कंत्राटावर घासून एकदाचा पर्मनंट झाला होता, आणि भावजयीनं सकाळीच पेढ्यांचा पुडा आणून दिला होता. माया साठीची. दौंडच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कामात सगळी नोकरी गेली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. लोकांच्या बांधांची भांडणं बघूनच संसाराची हौस फिटली, असं सांगायची. कुणी कुणाचा बांध कोरलाय हे तिला शेतात पाय टाकताच कळायचं. ‘मोजणीवाल्या बाईपुढं खोटं बोलायचं आसंल तर पोटभर जेवून जा,’ असं लोक म्हणत, कारण ती एकच प्रश्न चारदा विचारायची आणि वर चहासुद्धा पाजायची नाही.

“मॅडम, नकाशा गेला,” तेजश्री म्हणाली. “नळी आहे, आतला कागद नाही.”

मायाच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

त्या नकाशाची गोष्ट अशी. शिरूरला घोडनदीच्या अंगाला ब्रॅकन नावाच्या गोऱ्या साहेबानं बांधलेला एक बंगला आहे. विलायतेतल्या जुन्या चर्चच्या धाटणीचा, गॉथिक म्हणतात तसला. त्याच्या दारा-खिडक्यांच्या कमानी गोल नाहीत, दोन्ही बाजूंनी वर चढून टोकाला मिळतात, म्हणून सगळं शिरूर त्याला टोकांचा बंगला म्हणतं. रणपिसे घरात चार पिढ्या सांगत आले होते की त्या कमानी आमच्या सटवानं उभ्या केल्या. गाव हसायचं. “तुमच्या सटव्यानं दगडं वाहिली आसतील. बांधला म्हंजी काय?” शाळेत मास्तरांनी हेच वाक्य भरवर्गात ऐकवलं तेव्हा माया दहा वर्षांची होती. कोण कोण हसलं ते ती आजही नावानिशी सांगू शकली असती.

आणि गेल्या रविवारी, बंगल्याच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या तेजश्री या तरुण आर्किटेक्टला कपाटाच्या फळीमागं ही नळी सापडली. आत १८८६ सालचा मूळ नकाशा, खाली मोडीत दोन ओळी. त्या वाचायला तिनं मायाला बोलावलं, कारण जुने सर्व्हेचे कागद वाचून मायाला मोडी पाठ होती. ‘मिस्त्री सटवा बिन धोंडी, मौजे निमोणे, याणे सर्व कमानी उभ्या केल्या.’ मायानं ते मोठ्यानं वाचलं, आणि त्या परक्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

मोबाईलवर फोटो होता म्हणा. पण बंगला ज्या ट्रस्टचा, त्याचे अध्यक्ष पोपटराव आधीच बोलून बसले होते की फोटो काय, संगणकावर कुणीही करतं. सरकारी दप्तरात बंगला दिसतो तो एकोणीसशे सदतीस सालापासून. त्याआधीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. म्हणजे मूळ कागद नसेल तर बंगला शंभर वर्षांपलीकडं जुना ठरत नाही, जुना ठरला नाही तर संरक्षण मिळत नाही, आणि ते मिळालं नाही की पोपटराव तिथं मंगल कार्यालय उभं करणार. सटवाचं नाव मग राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमधून जाणार.

“पोलिसांत दिलंस?” मायानं विचारलं.

“पोपटराव नको म्हणतात. ट्रस्टची अब्रू जाते म्हणे.”

“कुलूप तोडलंय?”

“नाही ना, तेच तर! किल्लीनंच उघडलंय.”

२

किल्ली गिताबाईच्या कमरेला असायची. गिताबाई बंगल्याची राखणदार, मागच्या दोन खोल्यांत राहणारी. माया फाटकातून आत आली तशी तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“किल्ली माझ्याकडं, म्हंजी चोर मी! म्हणा की, म्हणा!”

“मी काही बोलले का? बंगला पडला तर तू कुठं ऱ्हाशील?”

“रस्त्यावं. आन् कुठं?”

“मग गप बस. चोर तू न्हाईस. मला बुधवारचं सांग.”

दोघी पोर्चच्या सावलीत उभ्या होत्या. वर छपराच्या कडेला पावसाचं पाणी ओकणारी दगडी तोंडं होती. नकाशात तिथं शिंगवाले राक्षस काढलेले होते. सटवानं राक्षस कधी बघितला नसावा, तरस मात्र बघितलं होतं. तो चारही कोपऱ्यांवर तरसं कोरून मोकळा झाला. मायाला ती तरसं लहानपणापासून घरची वाटायची.

“बुधवारी दुपारी तुमचे मच्छिंद्रआबा आले,” गिताबाई सांगू लागली. “तुमीच फोन केला व्हता न्हवं, भावाला पणजोबाचं नाव बघू दे म्हणून? मी कपाट उघडून नळी हातात दिली. त्यांच्यासंगं ताकाची किटली व्हती. म्हणलं, आबा, घोटभर द्या की, जीव उन्हानं कासावीस झालाय. तर म्हणं, आंबट झालंय, तुला बाधंल. एवढा मोठा मानूस, पर ताकाला कंजूस! मग मीच चहा टाकाया गेले. दूध आणाया पेठंत जावं लागलं, तासभर गेला. आले तर नळी कपाटात ठिवलेली, आबा वरच्या खोलीत कमानी बघत बसलेले. मी कुलूप घातलं.”

“नळीत बघितलंस?”

“मला काय ठावं त्यात बघाय लागतंय!”

“दादाचं सोड. फुडं?”

“फुडं विनोद काँट्रॅक्टरची मानसं आत-भाईर करत व्हती, मशिनला लाईट घ्यायला. दिवसभर बाहेरच्या कुंपणाच्या गडग्यावर धाडधाड चालू, माझं डोस्कं उठलं. आन् संध्याकाळी पोपटराव आले. त्यांच्याकडं ट्रस्टची दुसरी किल्ली हाय. त्यांनी कपाट उघडलं, बघितलं, लावलं.”

“नळी घेतली हातात?”

गिताबाईनं आठवून मान हलवली. “व्हय. हातात घितली, जरा हलवून बघितली, आन् हसले.”

रिकामी नळी हलवून हसणारा माणूस! मायाच्या डोक्यात पहिली खूण तिथं गाडली गेली.

मोजणीचा एक नियम आहे. कुठलंही शेत मोजायचं तर आधी एक पक्का दगड धरावा लागतो आणि मापाची साखळी तिथून टाकावी लागते. तो दगड सरकलेला असेल तर पुढचं सगळं माप चुकतं, म्हणून आधी त्या दगडाचीच खात्री करून घ्यायची. नोकरीभर हे इतरांना शिकवणाऱ्या मायानं या वेळी खात्री केली नाही. ती तशीच पुढं निघाली.

३

विनोद गडग्यावरच सापडला. सिमेंटची पाटी शेजारी, हातात मोबाईल.

“मॅडम, माझा काय संबंध? बंगला ऱ्हायला तर दुरुस्तीचं काम माझं, पडला तर पाडायचं काम माझं. मला दोन्हीकडून बराय.”

“खरं बोलतोयस, म्हणूनच राग येतोय,” माया म्हणाली. “आतल्या खोल्यांत गेला होतास?”

“त्या जुन्या भितींना मला हात लावू देत न्हाई तुमची आर्किटेक्ट. म्हणती चुनाच पायजे. आता चुना कोण वापरतं वो? आमच्या अख्ख्या टीममधी चुना भिजवाय येतो असा एक मानूस न्हाई.”

तिथून ती पोपटरावांच्या ऑफिसात गेली. बाहेरच्या बाकड्यावर आठ-दहा पोरं फाईल मांडीवर घेऊन बसली होती. पोपटरावांचा शब्द कुरकुंभच्या कंपन्यांत चालतो, कामगार पुरवायचा ठेकाही त्यांचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“या रणपिसेबाई! लई वाईट झालं,” पोपटराव म्हणाले, आणि वाईट झाल्याचं त्यांच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हतं.

“बुधवारी संध्याकाळी कपाट उघडून काय बघितलंत?”

“अध्यक्ष हाय मी. आपली वस्तू जाग्यावर हाय का, बघू न्हाई?”

“नळी उघडली?”

“कशाला? नळी जाग्यावर, म्हंजी कागद जाग्यावर.” ते पुढं वाकले. “आन् खरं सांगू का? कागद सापडूनसुदिक काय उपेग न्हाई. बांधकामच कच्चं हाय. तुमी त्या कमानी बघा. माथ्याला चावीचा दगडच न्हाई! मधोमध नुसती फट. चावी न्हाई ती कमान कसली? शनिवारी समितीला मी हेच दाखवनार हाय.”

माया खुर्चीतून उठायची थांबली. गोल कमानीच्या बरोब्बर मधोमध जो दगड सगळ्यांना धरून ठेवतो, त्याला गवंडी चावीचा दगड म्हणतात. पण ते गवंडी म्हणतात. उसाच्या राजकारणात जन्म गेलेल्या पोपटरावांच्या तोंडी हा शब्द आला कुठून?

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“हाय एक जाणता मिस्त्री.” पोपटरावांनी डोळा बारीक केला. “आमचीबी मानसं आसत्यात, बाई.”

निमोण्याच्या वडाप जीपमध्ये बसल्यावर मायाला तिच्या वडिलांचा, लक्ष्मणअप्पांचा, आवाज आठवत राहिला. अप्पा गवंडी, अप्पांचा बाप गवंडी. दोघा भावंडांना अप्पा या बंगल्याच्या पोर्चखाली उभं करून वर बोट दाखवायचे. “टोकाच्या कमानीला चावी नसती, पोरांनो. दोन्ही अर्ध्या एकमेकींवर रेलत्यात, तेच तिचं बळ. तुमी दोघं बहीणभाऊ तसं ऱ्हावा. एक हाललं की दुसरं पडलं.”

कुणीतरी जाणत्या मिस्त्रीनं पोपटरावांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. शिरूर तालुक्यात असा मिस्त्री कोण, याचा विचार करत ती घरी आली, आणि शेजारच्या दारातून मच्छिंद्रदादानं विचारलं, “घावला का गं चोर?”

“घावंल,” ती म्हणाली.

४

शुक्रवारी दुपारी चोर घावला नव्हता आणि हातात एकच दिवस उरला होता.

मायानं बंगल्याच्या सगळ्या खोल्या पायाखाली घातल्या. कपाटं, फळ्या, जिन्याखालची अडगळ, काही सोडलं नाही. शेवटी थकून ती वरच्या खोलीत टेकली. या खोलीला गोल रंगीत काचांची खिडकी आहे आणि भिंतीत बांधलेली शेकोटी आहे. शिरूरच्या उन्हात शेकोटी! साहेबाला घरची आठवण छळत असणार. माया त्या शेकोटीला पाठ लावून बसली, डबा उघडला. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भावजयीनं दिलेले दोन पेढे.

पेढ्यांना मुंग्या लागतील म्हणून तिनं जमिनीकडं बघितलं. मुंग्या होत्याच. बारीक काळ्या मुंग्यांची रांग खिडकीतून उतरून येत होती, पण ती पेढ्यांकडं वळत नव्हती. तिच्या खांद्यामागून भिंतीवर चढत होती.

माया वळली. शेकोटीच्या डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, हातभर लांबीचा एक दगड होता. त्याच्या चारही बाजूंच्या दरजांत, दगडांमधल्या सांध्यांत, मुंग्या तोंड घालून बसल्या होत्या. दरज जुन्यासारखी काळपट होती. कुणीतरी वरून काजळी चोळली होती. मायानं नखानं खरवडलं. आतून पांढराशुभ्र ओला चुना निघाला. तिनं बोट जिभेला लावलं.

गोड लागलं.

चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चीक घालायचा, मग दगड दगडाला सात पिढ्या सोडत नाही, ही अप्पांची रीत होती. कागद याच दगडामागं होता. चोरानं तो बंगल्याबाहेर नेलाच नव्हता.

तिनं तेजश्रीला हाक मारली, दगड दाखवला. पोरगी आनंदानं उडीच मारणार होती. “काढू या ना मॅडम! आत्ता काढू!”

“थांब. आडगेपणानं काढलास तर कागद फाटंल. आणि तिथं आहे तोवर तो सगळ्यात सुरक्षित आहे. मला आधी हे सांग, हा चुना तुझा आहे का?”

तेजश्रीनं चिमूटभर चुना बोटांत चोळला. “नाही. माझा अजून तयारच नाही. तळेगाव ढमढेरेला पिंपात विरायला टाकलाय, आठ दिवस झालेत. अजून खडे लागतात हाताला. कळीचा चुना नीट विरायला तीन आठवडे तरी लागतात.” तिनं पुन्हा चोळलं आणि भुवया उंचावल्या. “हा तर लोण्यासारखा आहे. हा वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवलेला चुना असणार.”

“नकाशा सापडला रविवारी. गेला बुधवारी.”

“म्हणजे तीन दिवस. तीन दिवसांत असा चुना कुणी करूच शकत नाही. ज्याच्याकडं आधीपासून होता, त्यानंच हे केलं.” तेजश्री उत्साहात होती. “मॅडम, तुम्हाला इतकं कळतं चुन्यातलं. असा जुना चुना आहे कुणाकडे?”

माया तडक जिना उतरली. तिला गिताबाईची किटली आठवली होती. पांढरं, दाट, कुणालाही प्यायला न दिलेलं ताक.

५

निमोण्याला पोचली तेव्हा सहा वाजत होते. ती घरात न शिरता थेट परसात गेली. दोन्ही घरांच्या सामाईक परसात अप्पांनी खणलेली चुन्याची कुंडी आहे, वर शहाबादी फरशीचं झाकण. अप्पांनी शेवटचा चुना विरवला त्याला बावीस वर्षं झाली. वर पाणी राहिलं की चुना मरत नाही, म्हणून दोघं भावंडं महिनाआड पाणी घालत. वापरत कुणीच नव्हतं. ती अप्पांची आठवण होती. हा महिना दादाचा.

तिनं फरशी सरकवली. पाणी नितळ होतं. खाली चुन्याचा थर बावीस वर्षं जसा सपाट असायचा तसा होता, फक्त एका कोपऱ्यात थापीनं कापून नेलेला ताजा खड्डा होता. किटलीभर चुन्याचा.

जो दगड पक्का धरून तिनं साखळी टाकली होती, तोच सरकलेला निघाला.

“माये,” मागून आवाज आला.

मच्छिंद्र सहासष्ट वर्षांचा, अप्पांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलेला, अजून ताठ. हातात पाण्याची बादली होती. तो कुंडीत पाणी घालायला आला होता. त्यानं उघडी कुंडी बघितली आणि बादली खाली ठेवली.

“तू?” माया म्हणाली. “दुसरं कुणीबी चाललं असतं, दादा. गिताबाई चालली असती. तेजश्री चालली असती. तू?”

“पोपटरावानं सोमवारी बोलवून घेतलं. म्हणला, कागद आणून दे, त्याच दिशी पोराच्या हातात पत्र. चार वरसं झाली, माये. दर अकरा म्हैन्याला काढायचे आन् परत घ्यायचे. पोरगं ॲसिडच्या वासात झिजलं.”

“मग दिला का न्हाईस त्याला कागद?”

“जाळला म्हणून सांगितलं. रिकामी नळी बघून त्याला पटलं.” तो जोत्यावर बसला. “जाळाया निघालोवतो, पर हात धजंल का न्हाई ठावं नव्हतं, म्हणून चुना संगं नेला. काडी वढली. उजेडात त्या दोन वळी दिसल्या. मला मोडी येत न्हाई, पर ते सटवाचं नाव हाय येवढं कळत व्हतं. न्हाई जाळवलं.”

“आणि सिमेंट का न्हाई लावलंस? विनोदची पाटी खाली भरलेली होती. सिमेंट लावलं असतंस तर मला जन्मात घावलं नसतं.”

मच्छिंद्रनं तिच्याकडं असं बघितलं, जणू ती काहीतरी अमंगळ बोलली होती. “त्या भितीला सिमेंट? अप्पांनी हात तोडला असता माझा.”

मायाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. भिंतीशी इमान राखणारा हा माणूस तिचा भाऊ होता. इमान त्याच्या हातात होतं. तिच्या वाट्याला तेवढं आलं नव्हतं.

“चावीचं पोपटरावाला तूच सांगितलंस.”

त्यानं बादलीची कडी उभी केली, पुन्हा पाडली.

“सांग की!”

“त्याला समितीफुडं बोलाया कायतरी पायजे व्हतं.”

“कागद चोरलास तो पोरासाठी, एक वेळ समजलं. पण अप्पांचं बोलणं उलटं करून विकलंस ते कुणासाठी? त्या पोर्चखाली मीपण उभी होते, दादा. तुझा हात धरून उभी होते. आणि काल मला विचारतोस, चोर घावला का!”

“तुला इचारलं असतं तर तू कागद दिला असतास?”

“न्हाई,” माया म्हणाली. खोटं बोलणं तिला येतच नव्हतं. “न्हाई दिला असता. पण रोहनसाठी मी लेबर ऑफिसात जाऊन बसले असते, पोपटरावाची मानगूट धरली असती. तू मला विचारलंच न्हाईस. माझ्याच फोनवर आत शिरलास आणि मलाच गाडलंस.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “उद्या अकराला छिन्नी-हातोडी घेऊन बंगल्यात ये. यायचं का न्हाई ते तुझं तू बघ.”

त्यानं बादली उचलली आणि कुंडीत पाणी ओतलं.

६

शनिवारी समिती वेळेवर आली. दोन पुरुष, एक पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई आणि टिपणं घेणारा कारकून. वरच्या खोलीत सगळे जमले. साडेअकरा झाले तरी मच्छिंद्रचा पत्ता नव्हता, आणि पोपटरावांना चांगलाच रंग चढला होता.

“मॅडम, तुमी जाणकार. बघा, एका तरी कमानीला चावीचा दगड हाय का? सदतीस साली कुण्या व्यापाऱ्यानं नक्कल मारलेलं कच्चं काम हे. उद्या कुणाच्या डोक्यात पडंल.”

“टोकाच्या कमानीला चावी नसते,” माया म्हणाली. “माथ्यावर सांधाच असतो. दोन अर्ध्या एकमेकींवर रेलून उभ्या असतात. चावी असती तर हे काम नक्कल ठरलं असतं.”

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. “हे बरोबर आहे. पण बाई, काळ कशावरून ठरवायचा? मूळ नकाशा कुठाय?”

माया दाराकडं बघत होती. जिन्यावर पावलं वाजली. मच्छिंद्र आत आला, खांद्याला अप्पांची हत्यारांची पिशवी. त्यानं कुणाला नमस्कार केला नाही. सरळ शेकोटीपाशी गेला, दरजेत छिन्नी घातली आणि हलक्या हातानं चुना काढू लागला. दहा मिनिटांत दगड मोकळा झाला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. रोहनच्या कंपनीच्या गणवेशाची पिशवी होती ती. तिच्यात गुंडाळी केलेला नकाशा होता.

“आरं, जाळला म्हणला व्हतास ना तू!” पोपटराव ओरडले.

खोलीत सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना उशिरा कळलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, नुसताच कानाला लावला आणि घाईघाईनं जिना उतरून गेले.

तेजश्रीनं नकाशा जमिनीवर पसरला. मायानं गुडघे टेकून त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी सावकाश, कारकुनाला लिहून घेता येतील अशा. ‘मिस्त्री सटवा बिन धोंडी, मौजे निमोणे.’ कारकुनानं नाव लिहिलं. सरकारी कागदावर, निळ्या शाईनं. पन्नास वर्षांपूर्वीचा वर्ग आता कुठं गप्प झाला.

“पंचनाम्यात दगड काढणाऱ्याचं नाव लागेल,” कारकून मच्छिंद्रकडं वळला. “आबा, तुमचं नाव काय?”

मच्छिंद्र हत्यारं पिशवीत भरत होता. त्यानं वर बघितलं नाही.

“माझं नाव नका लिहू, साहेब.”

नावासाठी चार पिढ्या झुरलेल्या घराण्यातला शेवटचा गवंडी ‘नाव नका लिहू’ म्हणत होता. मायाला वाटलं, होऊ दे त्याच्या मनासारखं. वाटलं तेवढ्यापुरतंच.

“लिहा,” ती कारकुनाला म्हणाली. “मिस्त्री मच्छिंद्र बिन लक्ष्मण, मौजे निमोणे. दगड बसवला त्यानंच, आणि काढलाही त्यानंच.”

कारकुनानं लिहिलं. मच्छिंद्रनं त्याखाली सही केली.

दुपारी ती फाटकाबाहेर आली तेव्हा तो जीपपाशी उभा होता. जीपमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या.

“रोहनचं पत्र आता फाडत्यात,” तो म्हणाला.

“सोमवारी मी लेबर ऑफिसात जाते. समितीसमोर पोपटराव काय बोलला ते सगळ्यांनी ऐकलंय. रोहनचं मी बघीन. रोहनसाठी बघीन.”

“चल, बस. घरला जाऊ.”

“तू हो पुढं,” माया म्हणाली.

तो चढला. जीपवाल्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि गाडी काढली. माया पुढच्या जीपची वाट बघत फाटकापाशी उभी राहिली.